वैमानिक राजपुत्र आणि प्रजेचा हिशेब

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडचा युवराज एडवर्ड वीस वर्षांचा होता, आणि आपल्या वयाचे, आपल्या ओळखीपाळखीचे तरुण फ्रान्सच्या आघाडीवर रवाना होत असताना आपण मात्र लंडनमध्ये स्वस्थ बसावे ही गोष्ट त्याला इतकी असह्य झाली की त्याने तडक युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांची गाठ घेऊन आघाडीवर जाण्याची परवानगी मागितली. आपल्याला चार भाऊ आहेत, तेव्हा आपण कामी आलो तरी गादीला वारस उरतोच, असा त्याचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. किचनरांनी त्याला जे उत्तर दिले ते राजपुत्राला अपेक्षित असलेल्या उत्तरापेक्षा फार निराळे होते. युवराज मारला जाण्याची त्यांना तितकीशी चिंता नव्हती. तो शत्रूच्या हाती जिवंत सापडेल, ही त्यांची खरी चिंता होती.

राजघराण्यातील व्यक्तीने युद्धावर जावे की न जावे यासंबंधीचा सारा पेच किचनरांच्या त्या उत्तरात सामावलेला आहे. राजपुत्र कैद झाला तर सरकारचे हात बांधले जातात, वाटाघाटींचे पारडे शत्रूकडे झुकते आणि त्याच्या सुटकेसाठी इतर शेकडो लोकांचे प्राण पणाला लावण्याचा मोह सेनापतींना होतो. त्यातून विमान हे तर असे वाहन आहे की ते वैमानिकाला शत्रूच्या मुलखावर घेऊन जाते आणि यंत्रात बिघाड झाला किंवा तोफेचा गोळा लागला तर त्याला तेथेच सोडून देते. असे असूनही गेल्या शंभर वर्षांत राजघराण्यांतील तरुण लष्करात गेले ते पुष्कळदा वैमानिक म्हणूनच गेले. आणि त्यांच्याविषयीचे लोकमत कधी अभिमानाने भरून आले, कधी संशयाने ग्रासले गेले, तर कधी उघड रोषाला पोचले. वरवर पाहणाऱ्याला हे लोकमत लहरी वाटते. मला ते तसे वाटत नाही. निरनिराळ्या प्रसंगांची पाने उलटून पाहिली म्हणजे ध्यानात येते की लोक मनाशी एकच हिशेब मांडत आले आहेत: या राजपुत्राच्या उड्डाणाचा भार अखेरीस कोणाच्या माथी पडतो, त्याच्या स्वतःच्या, त्याच्या सोबत्यांच्या, की सरकारी खजिन्याच्या?

आरंभीच्या काळात हा हिशेब कोणी फारसा मांडला नाही, कारण तेव्हा राजपुत्रांचे उड्डाण हे बव्हंशी शोभेचे होते. पंचम जॉर्ज राजांचा दुसरा पुत्र आल्बर्ट, जो पुढे सहावा जॉर्ज म्हणून गादीवर बसला, तो १९१६ मध्ये जटलंडच्या आरमारी लढाईत कॉलिंगवुड या युद्धनौकेवर प्रत्यक्ष हजर होता. १९१८ च्या प्रारंभी त्याची नेमणूक क्रॅनवेल येथील हवाई तळावर झाली, त्याच वर्षी १ एप्रिलला रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल अस्तित्वात आले, आणि १९१९ मध्ये त्याने रीतसर शिक्षण पुरे करून वैमानिकाची सनद मिळवली. राजघराण्यातला हा पहिला सनदी वैमानिक. परंतु त्याला ही सनद मिळाली तेव्हा युद्ध संपून गेले होते आणि त्याच्या उड्डाणात नव्या दलाचा गौरव करण्यापलीकडे दुसरा हेतू उरला नव्हता.

ओघात एक आपल्या बाजूचा दाखला येथे नमूद करावासा वाटतो. त्याच महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या ११० व्या स्क्वाड्रनची डी.एच.९ए जातीची बाँबफेकी विमाने हैदराबादच्या निजामाने भेट दिली होती, त्या विमानांवर ती निजामाची भेट असल्याचा मजकूर लिहिलेला असे आणि ते पथकच पुढे 'हैदराबाद स्क्वाड्रन' या नावाने ओळखले गेले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हा सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि निजामाच्या संपत्तीचा उगम रयतेच्या साऱ्यात असल्यामुळे ती विमाने उभी करण्यात त्या कोरडवाहू मुलखातील कुणब्याच्या घामाचाही अंश होता. विमानांवर नाव मात्र एकट्या निजामाचे होते. राजाने आपले शरीर न देता रयतेचे द्रव्य देऊन युद्धात भाग घ्यावा, हा प्रकार त्या काळी इतका सर्वमान्य होता की त्याविषयी कोणी चकार शब्द काढल्याचे दिसत नाही. आणि म्हणूनच पुढील काळात जो फरक पडला तो मला महत्त्वाचा वाटतो.

हा फरक दुसऱ्या महायुद्धात दिसू लागला. २५ ऑगस्ट १९४२ रोजी सहाव्या जॉर्ज राजांचा धाकटा भाऊ, केंटचा ड्यूक जॉर्ज, सुंदरलँड जातीच्या सागरी विमानातून आइसलँडला निघाला असता स्कॉटलंडच्या उत्तर भागातील केथनेस परगण्यातील एका टेकडीवर ते विमान आदळले आणि आतील १५ जणांपैकी १४ जण, ड्यूकसह, जागीच गतप्राण झाले. ड्यूक त्या विमानाचा चालक नव्हता; तो हवाई दलातील अधिकारी या नात्याने सरकारी कामावर निघालेला प्रवासी होता. परंतु ज्या देशात त्या दिवसांत तारवाला दाराशी आला की घराघरांतील आयांच्या काळजात धस्स होत असे, त्या देशातील लोकांनी हे मरण आपल्या घरातील मरणासारखेच मानले, कारण राजघराण्याने जोखमीतला आपला वाटा पदरात घेतल्याचा तो निर्विवाद पुरावा होता.

यानंतरच्या शांततेच्या काळात युवराज चार्ल्स, म्हणजे आजचे राजे, यांचे शिक्षण झाले. १९७१ मध्ये ते क्रॅनवेल येथे दाखल झाले, जेट प्रोव्होस्ट या विमानावर शिकले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना वैमानिकाचे पंख मिळाले. १९७४ मध्ये ते हेलिकॉप्टर चालवण्यास शिकून आरमाराच्या ८४५ व्या स्क्वाड्रनबरोबर हर्मिस या नौकेवर गेले. गादीच्या थेट वारसाला लढाईवर कोणी पाठवणार नाही हे साऱ्यांना ठाऊक असल्यामुळे या शिक्षणाकडे लोकांनी कौतुकाने पाहिले आणि फारसे प्रश्न विचारले नाहीत. प्रश्न उद्भवला तो वीस वर्षांनी. २९ जून १९९४ रोजी स्कॉटलंडमधील आयला बेटावर राजघराण्याच्या ताफ्यातील एक बीएई १४६ जातीचे जेट विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि त्याचे पुढचे चाक चिखलात रुतून विमानाचे मोठे नुकसान झाले. त्या वेळी नियंत्रणे युवराजांच्या हातात होती. कोणाला इजा झाली नाही. मात्र चौकशीअंती ठपका ठेवण्यात आला तो विमानाच्या कप्तानावर. युवराज हे कप्तानाच्या अनुज्ञेने नियंत्रणे हाती घेणारे प्रवासी होते, सबब उतरण्याची जबाबदारी त्यांची नव्हे, असा चौकशीचा रोख होता.

कायद्याच्या दृष्टीने हा निवाडा शुद्ध आहे, कारण विमानाचा कप्तान हा विमानातील सर्वोच्च अधिकारी असतो आणि मागे बसलेला वा शेजारी बसलेला मनुष्य कितीही मोठा असला तरी त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कप्तानास आहे. परंतु भावी राजाला 'नाही' म्हणणे एखाद्या स्क्वाड्रन लीडरच्या हुद्द्याच्या माणसाला व्यवहारात कितपत शक्य असते, हा प्रश्न त्या निवाड्याने सुटला नाही, आणि सामान्य वाचकाच्या मनात तो सलत राहिला. चार्ल्स यांनी पुढे विमान चालवणेच सोडून दिले. मला त्यांचा तो निर्णय योग्य वाटतो. ज्याच्या चुकीचा दंड दुसऱ्याला भरावा लागतो त्याने नियंत्रणे हातात धरू नयेत, इतकी साधी नीती त्यामागे आहे.

आता त्या प्रसंगाकडे वळू, ज्यात राजपुत्र वैमानिक म्हणून खरोखर लढाईत उतरला आणि साऱ्या राष्ट्राने त्याच्याकडे श्वास रोखून पाहिले. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या फौजा फॉकलंड बेटांवर उतरल्या आणि तीनच दिवसांनी, ५ एप्रिलला, इन्व्हिन्सिबल ही विमानवाहू नौका पोर्टस्मथ बंदरातून दक्षिण अटलांटिककडे निघाली. तिच्यावरील ८२० व्या स्क्वाड्रनमध्ये राणी एलिझाबेथचा दुसरा पुत्र अँड्रू हा बावीस वर्षांचा सब-लेफ्टनंट सी किंग हेलिकॉप्टरचा सहवैमानिक होता. त्या दिवशी गादीच्या वारसांमध्ये त्याचा क्रमांक दुसरा होता, कारण चार्ल्स यांना अद्याप अपत्य झालेले नव्हते. त्याला जहाजावरून उतरवून एखाद्या कचेरीतील कामावर नेमावे असे सरकारातील काहींच्या मनात होते, परंतु अँड्रू हा आरमाराचा अधिकारी असून तो आपल्या जहाजाबरोबर जाईल, या भूमिकेवर राणी ठाम राहिली.

राणीचा हा निर्णय लोकांच्या मनाला का भिडला हे समजण्यासाठी त्या युद्धातील सी किंगचे काम काय होते ते पाहिले पाहिजे. समुद्राच्या पोटात दबा धरून असलेल्या पाणबुड्यांचा शोध घेणे, जखमींना वाहून नेणे, जहाजाजहाजांमध्ये माणसे व सामान पोचवणे ही त्याची नित्याची कामे होती. आणि त्यांखेरीज आणखी एक काम होते, जे ऐकताना आजही अंगावर काटा येतो. अर्जेंटिनाकडे एक्झोसेट नावाची फ्रेंच बनावटीची क्षेपणास्त्रे होती, जी समुद्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटत येत आणि रडारवर दिसणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेध घेत. ४ मे रोजी अशाच एका क्षेपणास्त्राने शेफील्ड या विनाशिकेचा घास घेतला आणि तिच्यावरील २० माणसे दगावली. तेव्हा हेलिकॉप्टरने विमानवाहू नौकेच्या आसपास अधांतरी तरंगत राहून क्षेपणास्त्राच्या रडारला आपण स्वतःच ते जहाज असल्याचा भास करून द्यावा, आणि क्षेपणास्त्र अगदी जवळ आले की झटकन वर उचलले जावे, म्हणजे ते खालून निघून जाईल, अशी योजना होती. हे आमिषाचे काम ज्या वैमानिकांच्या वाट्याला आले त्यांत राणीचा मुलगाही होता. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावर एक्झोसेट आदळले, १२ माणसे मृत्यू पावली, आणि त्या जळत्या जहाजाचे दृश्य अँड्रूने हेलिकॉप्टरमधून स्वतः पाहिले व वाचलेल्यांना हलवण्याच्या कामात भाग घेतला.

या युद्धात ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ लोक मरण पावले. १४ जूनला युद्ध थांबले, २१ जूनला चार्ल्स यांच्या पोटी विल्यमचा जन्म झाला, आणि १७ सप्टेंबरला इन्व्हिन्सिबल पोर्टस्मथला परतली तेव्हा वारसांच्या यादीत अँड्रू एक पायरी खाली सरकलेला होता. दातांत गुलाबाचे फूल धरून हसणाऱ्या त्या तरुणाचे छायाचित्र त्या वेळच्या वृत्तपत्रांतून घरोघर पोचले. त्याचे कौतुक झाले त्यात राजभक्तीचा भाग होताच. तरीपण बंदरावर आपल्या मुलांची वाट पाहत उभ्या असलेल्या इतर आयांच्या बरोबरीने राणीही मुलाला घ्यायला आली होती, आणि गेले पाच महिने तिच्या जिवाला लागलेला घोर त्या आयांच्या घोराहून निराळा नव्हता, ही जाणीव त्या कौतुकाच्या मुळाशी होती असे मी मानतो. आमिष म्हणून तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये राजपुत्र बसला म्हणून त्याच्या शेजारच्या माणसाचा धोका तसूभरही वाढत नव्हता. एक्झोसेटला राजपुत्र ओळखता येत नाही.

जमिनीवरच्या युद्धात हेच गणित उलटते, आणि त्याचा प्रत्यय पंचवीस वर्षांनी आला. चार्ल्स यांचा धाकटा मुलगा हॅरी २००७ मध्ये आपल्या चिलखती तुकडीबरोबर इराकला जाणार असे जाहीर झाले होते. परंतु १६ मे २००७ रोजी लष्करप्रमुख सर रिचर्ड डॅनट यांनी ती रवानगी रद्द केली, कारण राजपुत्राला लक्ष्य करण्याच्या नेमक्या धमक्या मिळाल्या होत्या आणि त्यामुळे त्याच्याबरोबर जाणाऱ्या शिपायांचा धोका अवाजवी वाढत होता. या निर्णयावर दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या आणि दोन्ही प्रामाणिक होत्या. इराकमध्ये पुत्र गमावलेल्या काही मातापित्यांनी विचारले की आमच्या मुलांना धोका नव्हता काय, मग त्याचाच जीव अधिक मोलाचा का? उलट पक्षी, ज्यांची मुले त्याच तुकडीत होती त्यांना हायसे वाटले असल्यास नवल नाही. मला डॅनट यांचा निर्णय पटतो, कारण रस्त्याने गस्त घालणाऱ्या तुकडीत राजपुत्र कोणत्या गाडीत आहे हे कळणे शत्रूला अवघड नसते, आणि ते कळले की त्या गाडीतील सगळेच जण, त्यांचा काही अपराध नसताना, नाव घेऊन हेरले जातात.

त्यावर पहिला उतारा शोधण्यात आला तो गुप्ततेचा. २००७ च्या डिसेंबरात हॅरीला अफगाणिस्तानातील हेलमंड प्रांतात गुपचूप धाडण्यात आले आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी संरक्षण खात्याशी करार करून ती बातमी दडवून ठेवली. तेथे जमिनीवरून विमानांना बाँबफेकीची ठिकाणे सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. २८ फेब्रुवारी २००८ रोजी एका अमेरिकी संकेतस्थळाने ही बातमी फोडली आणि तेथे जाऊन दहा आठवडेच झाले असताना त्याला परत आणावे लागले. वृत्तपत्रांनी युद्धविषयक सत्य सरकारच्या सांगण्यावरून लपवावे काय, या प्रश्नावर त्यानंतर जो वाद झाला तो योग्यच होता. एका माणसाला काम करता यावे म्हणून साऱ्या देशाच्या वृत्तसंस्थांनी मौन पाळावे लागते, ही किंमत लहान नव्हे. आणि ती वाचकांकडून, त्यांना न विचारता, वसूल झाली होती.

दुसरा उतारा अधिक टिकाऊ ठरला, आणि तो विमानविद्येतून आला. हॅरीने लष्कराच्या हवाई शाखेत प्रवेश घेतला, २०१० मध्ये वैमानिकाचे पंख मिळवले, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत अपाची या लढाऊ हेलिकॉप्टरचे शिक्षण पुरे करताना उत्कृष्ट सहवैमानिक व तोफची म्हणून पारितोषिकही पटकावले. अपाचीमध्ये दोनच माणसे असतात. मागच्या आसनावर चालक आणि पुढच्या आसनावर तोफची. शिरस्त्राण व डोळ्यांवरील झापड चढवले की आतला मनुष्य कोण हे बाहेरच्या कोणालाही उमगत नाही. हेलिकॉप्टरे जोडीने उडतात, तळावरून निघतात आणि तळावरच उतरतात. त्यांतल्या कोणत्या यंत्रात राजपुत्र आहे हे जमिनीवरच्या बंदूकधाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. गस्तीच्या गाडीत जो धोका सोबत्यांवर एकवटत होता तो येथे सगळ्या वैमानिकांत सारखा वाटला जाई. म्हणूनच २०१२ च्या सप्टेंबरात हॅरी कॅम्प बॅस्टियन येथे तिसऱ्या रेजिमेंटच्या ६६२ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला तेव्हा संरक्षण खात्याने ती गोष्ट लपवण्याचे कारण राहिले नाही. ती उघडपणे जाहीर करण्यात आली.

तरीही हिशेब पूर्णपणे मिटला नाही. तालिबानने त्याला ठार मारण्याची वा पळवून नेण्याची धमकी दिली, आणि त्यानंतर काही दिवसांतच, १४ सप्टेंबर २०१२ रोजी, कॅम्प बॅस्टियनवर हल्ला होऊन दोन अमेरिकी मरीन सैनिक मारले गेले व अनेक विमाने नष्ट झाली. हल्लेखोरांच्या बाजूने त्यासाठी एका इस्लामविरोधी चित्रपटाचे कारण सांगितले गेले आणि राजपुत्राच्या उपस्थितीचाही उल्लेख झाला. एवढ्या आखीव हल्ल्याची तयारी त्याच्या आगमनानंतरच्या थोडक्या दिवसांत झाली असेल असे मानणे कठीण आहे. पण ज्या घरांत त्या दिवशी मृत्यूची बातमी पोचली तेथे ही शंका कधीच पुरती मिटणार नाही. पुढे २०१३ च्या जानेवारीत तो परत निघाला तेव्हा दिलेल्या मुलाखतीत, आपण शत्रूवर शस्त्र चालवले, जीव वाचवण्यासाठी जीव घ्यावा लागतो, अशा आशयाचे त्याने सांगितले आणि शस्त्रे चालवण्याच्या कौशल्याचा संबंध संगणकावरील खेळांच्या सवयीशी जोडला. त्याच्याच देशातील अनेकांना हे बोलणे रुचले नाही, अफगाण लोकांना तर ते जिव्हारी लागले. लढवय्याने शत्रूला मारले याचे त्यांना नवल नव्हते. मृत माणूस बोलण्यात इतका हलका झाला, याचा त्यांना राग होता, आणि तो राग मला न्याय्य वाटतो.

याच सुमारास थोरला भाऊ विल्यम निराळ्या वाटेने चालला होता, आणि त्याच्या बाबतीत लोकमताने घेतलेले वळण विशेष बोधप्रद आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये, पंख मिळण्याच्या सुमारास, त्याने चिनुक हे अवजड हेलिकॉप्टर आपल्या वाग्दत्त होऊ घातलेल्या मैत्रिणीच्या माहेरच्या शेतात उतरवले, आणि दुसऱ्या एका उड्डाणात धाकट्या भावाला बरोबर घेऊन आतेभावाच्या लग्नापूर्वीच्या मेजवानीसाठी आइल ऑफ वाइट गाठले. ही उड्डाणे शिक्षणाचा भाग होती असा खुलासा हवाई दलाने केला, परंतु हेलमंडमध्ये हेलिकॉप्टरांचा तुटवडा असल्याची तक्रार त्याच दिवसांत शिपायांपासून संसदेपर्यंत सर्वत्र होत असल्यामुळे लोक संतापले. कोणाचाही जीव धोक्यात आला नव्हता; पण खर्च खजिन्याचा आणि मौज एकट्याची, हे उघड दिसत होते.

तोच विल्यम २०१० पासून वेल्समधील अँगलसी बेटावर, व्हॅली येथील हवाई तळावर, शोध व बचाव पथकात सी किंग चालवू लागला तेव्हा चित्र पालटले. त्याची पहिली बचावमोहीम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये मोरकॅम उपसागरातील एका वायुविहिरीच्या फलाटावरील आजारी कामगारासाठी झाली. २०११ च्या नोव्हेंबरात आयरिश समुद्रात स्वानलँड हे मालवाहू जहाज बुडाले तेव्हा दोन खलाशांना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरचा तो सहवैमानिक होता. २०१३ च्या सप्टेंबरात त्याने हे काम सोडले तोवर त्याने १५६ मोहिमांत भाग घेतला होता आणि त्यांतून १४९ माणसांची सुटका झाली होती. वादळात, रात्री, कड्याला लगटून हेलिकॉप्टर स्थिर धरणे हे वैमानिकाचे काम. दोराला लोंबकळत खाली उतरणारा मनुष्य वेगळाच, आणि त्याचा जीव सर्वस्वी वैमानिकाच्या हातांच्या स्थैर्यावर अवलंबून. येथे राजपुत्र सोबत्यांवर भार नव्हता, तो त्यांचा भार पेलणारा होता, आणि हे लोकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. फक्त २०१२ च्या फेब्रुवारीत याच कामासाठी त्याला सहा आठवडे फॉकलंडला पाठवले तेव्हा अर्जेंटिनाच्या सरकारने तो जेत्याच्या गणवेशात येत असल्याची टीका केली. त्या बेटांवरील युद्धात आपली ६४९ माणसे गमावलेल्या देशाला बचाव पथकाचा वैमानिक आणि ब्रिटिश राजसत्तेचा वारस यांत भेद दिसू नये, यात मला आश्चर्य वाटत नाही.

ब्रिटनबाहेर हा हिशेब कधी अधिक तीव्र स्वरूपात मांडला गेला. जॉर्डनचे राजे हुसेन हे स्वतः वैमानिक होते, त्यांचे पुत्र राजे अब्दुल्ला कोब्रा हेलिकॉप्टर चालवण्यास शिकलेले आहेत, आणि २०२० मध्ये अब्दुल्लांची कन्या राजकुमारी सलमा हिलाही वैमानिकाचे पंख मिळाले. २०१४ च्या डिसेंबरात जॉर्डनचा एक तरुण वैमानिक, मुआझ अल-कसास्बेह, सीरियात रक्काजवळ आपले एफ-१६ विमान कोसळल्याने इस्लामिक स्टेटच्या हाती सापडला, आणि ३ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याच्या अमानुष हत्येचे चित्रण प्रसिद्ध झाले. तोवर जॉर्डनमध्ये इस्लामिक स्टेटविरुद्धचे हे युद्ध आपले कशावरून, असा प्रश्न त्याच्या जमातीतील लोक उघडपणे विचारीत होते. हत्येनंतर राजे अब्दुल्ला अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकून परतले, लष्करी पोशाखातील त्यांचे छायाचित्र सर्वत्र पसरले, आणि राजे स्वतः विमान घेऊन सूड घेण्यास निघणार अशी वदंता इतकी बळावली की सरकारला ती नाकारावी लागली. ती वदंता खोटी होती, पण लोकांना तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रजेच्या मुलाने जी जोखीम पत्करली ती राजानेही पत्करावी, ही इच्छा त्या विश्वासामागे होती.

रणांगणावर मिळवलेली ही पुंजी मात्र कायमची नसते. अँड्रूने आरमारात २२ वर्षे नोकरी केली. तरी जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगलेल्या मनुष्याशी असलेल्या त्याच्या मैत्रीवरून गंभीर आरोप झाले तेव्हा, २०१९ च्या नोव्हेंबरात, त्याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्या बचावार्थ फॉकलंडचाही आधार घेतला. त्या युद्धात गोळीबाराला सामोरे जाताना झालेल्या परिणामामुळे आपल्याला दीर्घकाळ घाम येत नव्हता, असे तो म्हणाला. लढाईतील अनुभवाचा असा उपयोग पाहून लोक विषण्ण झाले. २०२२ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक माजी सैनिकांनी राणीला पत्र लिहून त्याची लष्करी पदे काढून घ्यावीत अशी विनंती केली, आणि ती पदे गेली. ज्यांच्या मताला या बाबतीत सर्वांत अधिक वजन होते त्यांनीच हा निवाडा दिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हॅरीचा जमाखर्च अद्याप चालू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने अफगाणिस्तानात आपल्या हातून पंचवीस माणसे मारली गेल्याचे लिहिले, तेव्हा तालिबानच्या लोकांनी तर त्याचा निषेध केलाच, पण ब्रिटनमधील अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांनीही असे आकडे सैनिक बोलत नसतो आणि यामुळे त्याच्यासह इतरांचाही धोका वाढतो, असे सुनावले. त्यापूर्वीच, २०२० मध्ये, राजघराण्याच्या कामातून बाजूला झाल्यामुळे त्याचे आपोआप मिळणारे पोलीस संरक्षण काढून घेण्यात आले होते. त्याविरुद्ध त्याने लढवलेला दावा २ मे २०२५ रोजी अपील न्यायालयाने फेटाळला. राजघराण्याचे काम सोडणाऱ्याच्या रक्षणाचा खर्च करदात्यांनी का सोसावा, असे म्हणणारे लोक ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. माझे मन मात्र अर्ध्या वाटेवर त्यांची साथ सोडते. पुस्तकातील आकड्याने जेवढा धोका वाढला तेवढा त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला आणि तो त्याच्या पदरचा आहे. पण २०१२ मध्ये तालिबानने त्याचे नाव घेऊन जी धमकी दिली ती सरकारने दिलेल्या हुकमाबरहुकूम, सरकारी गणवेशात, सरकारी अपाचीच्या पुढच्या आसनावर बसून केलेल्या कामामुळे दिली होती, आणि तेवढ्या हिश्श्याचे संरक्षण, तो राजघराण्याच्या कामावर असो वा नसो, सरकारने आपल्या खजिन्यातून पुरवावे असे मला वाटते.